हाताच्या मापाचा पाना

नाशिक, १७ ऑगस्ट २०२५

निसारचाचांना मोहिनीचा सलाम.

फोन केला तर तुम्हाला नुसता गिअर घासल्यासारखा आवाज ऐकू येतो, असं तुमची नात तबस्सुम म्हणाली. म्हणून कागद घेतला. ललितदादा रोज भाजीचा टेम्पो घेऊन घोटीहून पंचवटीत येतात, ते पत्र पोचवतील. मी इथंच उज्वला नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. सकाळी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा वर्ग, दुपारी आडगाव नाक्यापुढं चंदरशेठच्या ट्रक गॅरेजात काम.

काम म्हणजे काय, तर तीन महिने पार्ट धुतेय. लहानपणी आमचं भात घोटीच्या गिरणीत पडलं की मी समोर तुमच्या गॅरेजात येऊन बसायचे. तुम्ही माझ्या हातात गंजका नट द्यायचात आणि म्हणायचात, "उघडला तर गाडी तुझी." गाडी कधी मिळाली नाही, पण नाद लागला तो लागलाच.

आता मुद्द्याचं. चंदरशेठच्या भिंतीवर एक मोठी लाकडी फळी आहे. प्रत्येक मिस्त्रीचे पाने तिथं खिळ्यांना टांगलेले, आणि प्रत्येक पान्याभोवती रंगाने रेघ मारलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच दिसतं. नवीन माणसाला फळीवर जागा मिळते ती फक्त खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी. शेठ म्हणाले, "स्वतःचे पाने आण. खंडेनवमीपर्यंत तुझा हात बघतो. बसला तर फळीवर जागा, नाही तर आपलं धुणं बरं."

माझ्याकडे सहा हजार साठलेत. मेन रोडला एका दुकानात एकशे आठ नगांचं खोकं बघितलं. आत लाल मखमल आणि पाने आरशासारखे. वर्गातली मुलं म्हणतात घेऊन टाक. घेऊ का? की तुमचे भिंतीवरचे पाने मला देताय? (हसून लिहितेय. पण दिले तर नाही म्हणणार नाही.)

तुमची मोहिनी


घोटी, २१ ऑगस्ट

मोहिनी बेटा,

तुझ्या पत्राला कोथिंबिरीचा वास होता. म्हणजे ललितने ते जुड्यांखाली ठेवलं असणार. बरं झालं, हल्ली चांगल्या वासाचं टपाल कुठं येतं.

माझे पाने मागू नकोस. माया नाही म्हणून नव्हे, ते देण्यासारखे राहिले नाहीत म्हणून. चाळीस वर्षांत त्यांची तोंडं फाकलीत, धन्यासारखी. म्हाताऱ्याचे पाने म्हणजे म्हाताऱ्याची चप्पल. दुसऱ्याने घातली की पाय मुरगळतो.

आणि ते मखमलीचं खोकं तर दुकानातच राहू दे. एकशे आठ नग जपमाळेत शोभतात. त्यातले ऐंशी तू जन्मात वापरणार नाहीस, आणि जे वीस-पंचवीस रोज लागतात ते पहिल्या पावसाळ्यात गुळगुळीत होतील. ट्रकला काय लागतं? रिंग पान्यांचा एक चांगला संच, दोन्ही तोंडांचे साधे पाने पाच-सहा, बत्तीसचा एक जाड रिंग पाना, पक्कड, छन्नी, कानस, दोन पेचकस आणि हातोडा. बाकीचं गरज पडेल तसं. भुकेप्रमाणे भाकरी थापावी, पीठ आहे म्हणून नाही.

पारख सांगतो. मी शाळेत गेलो नाही, ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत वाचत अक्षरं शिकलो, पण लोखंड मला वाचता येतं. दुकानात जाताना खिशात दोन-तीन मापांचे नवे कोरे नट घेऊन जा. पाना नटावर बसव आणि हलव. डुगडुगला की परत ठेव, दुकानदार कितीही गोड बोलो. माप आणि लोखंडाचं नाव पान्यात ठोकून उठवलेलं असावं, रंगाने छापलेलं नको. कडेवरून नख फिरव, चकाकीचा पापुद्रा लागला तर ती वरची पावडर समज. मग दोऱ्याला टांग आणि दुसऱ्या पान्याने हळूच मार. घडवलेलं पोलाद बराच वेळ गातं, ओतीव लोखंड 'ठप्प' म्हणून गप्प बसतं. परदेशी नावाला भुलू नकोस. आपल्या पंजाबकडून येणारे घडीव पाने निम्म्या किमतीत दुप्पट वर्षं जातात.

पाने आखूड दांड्याचेच घे. लांब दांड्याने बोल्ट कधी तुटला ते हाताला कळत नाही. आणि पान्यावर पाइप चढवून जोर लावायचा नाही. माझ्या गॅरेजात पाइप लावणाऱ्याला चहा मिळत नसे. हातोडा दोन किलोचा, दांडा मात्र विकतचा नको. किशोरला, तुझ्या बापाला म्हणावं, तिवसाच्या लाकडाचा तासून दे. पेठच्या रानात तिवस असताना कारखान्याचा दांडा घेणं म्हणजे घरचं दूध विकून चहाला पावडर आणणं.

जोर कमवावा लागतो, बेटा. माझ्याकडे हर्षल नावाचा गडी होता, तुमच्याच डोंगरातला. डोकं लख्ख, पण अंगाने काडी. दोन किलोचा हातोडा पेलेना. वर्षभराने मीच म्हटलं, बाबा, हे ताकदीचं काम, तू दुसरं बघ. तुझं तसं व्हायला नको.

सगळे पैसे एकदम संपवू नकोस. चूक पहिल्या महिन्यात कळते, तिच्यासाठी थोडे बाजूला ठेव.

तुझा निसारचाचा


नाशिक, ४ सप्टेंबर

चाचा,

पाने घेतले! आणि सगळ्या मेन रोडला कळलं की मी पाने घेतले.

मुझफ्फरभाईंच्या दुकानात गेले. खिशातून नट काढले तेव्हा ते नुसते बघत राहिले. मी दोऱ्याला पाना टांगून वाजवायला लागले तेव्हा म्हणाले, "ताई, पाना घेताय की घुंगरू?" गिऱ्हाईकं हसली. मी म्हटलं, "घोटीच्या निसार मिस्त्रींनी सांगितलंय." तर एकदम हसू थांबलं. म्हणाले, "निसारभाईंची शागीर्द? मग आतला माल काढतो." बाहेर मांडलेल्यातले तीन आधीच 'ठप्प' म्हणाले होते. आतले सगळे गायले. एकाने तर इतका सूर धरला की शेजारचा भांडीवाला डोकावला.

तुमच्या यादीतलं सगळं आलं, सगळं आखूड दांड्याचं. बाराशे रुपये उरलेत, ते चुकीचे म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवलेत.

बाबांनी तिवसाचा दांडा तासून पाठवला. सोबत निरोप, "दांडा लय चिवट हाय, पोरीपेक्षा नाय." उज्वलाने भिंतीला टेकवून ठेवलाय आणि म्हणते चोर आला तर आता भीती नाही.

चंदरशेठनी एक पाना उचलून नटावर बसवून बघितला. मग पुसून परत ठेवला. ही शाबासकीच ना?

मोहिनी


घोटी, ८ सप्टेंबर

बेटा,

पुसून ठेवला म्हणजे शाबासकीच. मिस्त्री तोंडाने स्तुती करत नसतो, त्याला वाटतं, स्तुती केली की पगार वाढवावा लागतो.

तुझं पत्र मी तुझ्या अनवरीचाचीला मोठ्याने वाचून दाखवलं. घुंगराच्या जागी ती इतकी हसली की शिवण वाकडी जाऊन उसवावी लागली. तबस्सुमला आता प्रत्येक चमचा दोऱ्याला टांगायचा आहे.

पहिला मोठा नट कुठला उघडलास ते कळव. मी वाट बघतोय.

निसारचाचा


नाशिक, १८ सप्टेंबर

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार. परीक्षा जवळ आल्यामुळे वेळ नाही, म्हणून मी सांगतेय आणि उज्वला लिहितेय.

इथं सगळं ठीक आहे. पाने उत्तम आहेत, त्यांच्यात काहीच खोट नाही. चंदरशेठच्या ओळखीच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा आहे. तिथं खुर्ची आहे, पंखा आहे. पार्टांची नावं मला पाठ आहेत. कदाचित माझ्यासाठी तेच योग्य असेल, असा विचार चालला आहे. खंडेनवमीनंतर ठरवीन.

अनवरीचाचींना नमस्कार.

आपली,
मोहिनी


घोटी, २० सप्टेंबर

मोहिनी,

उज्वलाला सांग, अक्षर सुंदर आहे. पण 'आदरणीय' आणि 'सप्रेम' हे शब्द तू मला जन्मात लिहिले नाहीस. आणि खालची सही तुझी असली तरी ती डाव्या हाताची आहे. माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

ललितला विचारलं, "मोहिनी बरी आहे ना?" तर तो टेम्पोची दोरी आवळायला लागला. दोरी आधीच आवळलेली होती.

उजव्या हाताला काय झालं? कुठल्या पान्याने? कुठल्या नटावर? सगळं सांग. माणसाशी खोटं बोललं तर चालून जातं, मिस्त्रीशी नाही. खोट कुठं आहे ते कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करू?

आणखी एक काम. कोऱ्या कागदावर हात ठेव, बोटं पसरून, आणि भोवती पेनाने रेघ मार. उजवा सुजला असेल तर डावा चालेल. वजन आणि उंचीही लिही. का ते विचारू नकोस, मलाही अजून नीट कळलेलं नाही.

निसारचाचा


नाशिक, २२ सप्टेंबर

चाचा,

डाव्या हाताने लिहितेय, समजून घ्या.

दहा तारखेला चंदरशेठ पहिल्यांदाच म्हणाले, "मोहिनी, मागच्या पाट्याचा यू-बोल्ट काढ." चाकावर जी पाट्यांची चळत असते, तिला आवळून धरणारा तो बोल्ट. त्याचा नट गंजून दगड झालेला. मी बत्तीसचा पाना लावला. लोंबकळले तरी हलेना. गोरक्ष मिस्त्री म्हणाले, "पाइप चढव की, कशाला जीव काढतेस?" मी म्हटलं, "आमच्या चाचांची मनाई आहे." सगळे हसले. मग मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. पाना सटकला. मी पडले ती हातावर, आणि पाना वरून बोटांवर. मोडलं काही नाही, दोन बोटं सुजून केळी झालीत.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसून हळूच म्हणाले, "बाई, हे ताकदीचं काम आहे. तुझं डोकं चांगलं आहे, काउंटरवर बस." तुमच्या पत्रातल्या हर्षलला तुम्ही जे म्हणाला होतात, अगदी तेच.

म्हणून तुम्हाला कळवलं नाही. पाने चांगले आहेत, मी वाजवून घेतलेत. तुमची यादीही बरोबर, चाळीस वर्षांची. मग चुकीचा उरतो तो माझा हात. तो सोबत पाठवतेय, कागदावर. वजन सेहेचाळीस किलो, उंची पाच फूट एक इंच.

उद्या त्या काउंटरवाल्यांना हो सांगू का?

मोहिनी


घोटी, २५ सप्टेंबर

मोहिनी बेटा,

कुणाला हो सांगितलं असशील तर नाही सांगून ये. मग पुढचं वाच.

तुझा कागदावरचा हात ओट्यावर ठेवला आणि त्यावर माझा हात ठेवला. तुझा दिसेनासा झाला. नुसता झाकला नाही, नाहीसा झाला. अनवरी शिवत होती. तिने मशीन थांबवून बघितलं आणि म्हणाली, "अहो, माझी कात्री घेताना ती तुमच्या बोटांत बसते का ते मी कधी बघितलं होतं का?"

एवढंच. आणि परत मशीन सुरू.

बेटा, मी पंचाण्णव किलोचा माणूस. तरणा होतो तेव्हा लांब दांडा हातात आला की बोल्ट काकडीसारखे मोडायचे, म्हणून उस्तादांनी मला आखूड पाने दिले. ते माझ्यासाठी होतं. मी त्याचा कायदा केला. चप्पल देणार नाही म्हणालो, आणि माप मात्र माझ्याच पायाचं दिलं.

काल अंगणात ट्रकच्या जुन्या धुऱ्यावर गंजका नट चढवला. तबस्सुम तुझ्याच अंगाची. आखूड पाना दिला, हलला नाही. मग शेजारच्या गॅरेजातून दोन फुटी दांडा आणि सहाकोनी गोटी आणली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना. बारा कोनांची गंजक्या नटावर सटकते, सहाकोनी सटकत नाही. दांडा अंगाकडे ओढायला सांगितला, पाय रोवून, पाठ सरळ ठेवून. नट 'कर्र' म्हणाला. पोरगी ओरडली, "दादाजान, उघडला!" मी तो आवाज ऐकला, बेटा. या कानांनी.

मग मी आत गेलो आणि हर्षलचा विचार करत बसलो. त्याच्या हातात माझा हातोडा देऊन मी त्याचा हात जोखत होतो. वीस वर्षं झाली.

आता ऐक. चुकीसाठी बाराशे ठेवलेत ना? चूक माझी निघाली, पैसे मात्र तुझे जाणार, याची मला लाज वाटते. पण तू घेणार नाहीस म्हणून पाठवत नाही. मुझफ्फरकडे जा. टोकाला पाऊण इंची चौकोन असलेला दोन फुटी दांडा, त्यावर बसणारी बत्तीसची सहाकोनी गोटी. दोनच वस्तू, जास्त नाही. हातोडा बदलून एक किलोचा घे, तिवसाचा दांडा त्यालाच बसव. बाकीचे पाने तसेच राहू देत, लहान नटांना ते सोन्यासारखे आहेत.

पाइपला मनाई अजून आहे. पाइप पान्यावर सैल बसतो, दांडा आणि गोटी मात्र एकमेकांसाठी घडवलेली असतात. ओढताना नेहमी आपल्याकडे, उभं राहायचं जमिनीवर, पान्यावर नाही. आणि गंजाशी त्याच दिवशी भांडू नये. आदल्या संध्याकाळी त्याला डिझेल पाज, सकाळी बोल.

बोटं बरी होईपर्यंत दांड्याला हात लावलास तर चंदरला मी स्वतः येऊन सांगेन.

निसारचाचा


नाशिक, ३ ऑक्टोबर

चाचा,

उजवा हात आहे हा. बघा, अक्षर ओळखलंत ना?

मुझफ्फरभाईंनी हातोडा बदलून दिला. दोन फुटी दांडा काढून देताना म्हणाले, "हा वाजवून बघणार नाही का?" मी वाजवला. तो खर्जात गायला.

परवा खंडेनवमी होती. म्हणून सोमवारी संध्याकाळी त्याच यू-बोल्टच्या नटावर डिझेल सोडलं. तो ट्रक तसाच पडून होता, तिघांनी हात टेकले होते. मंगळवारी सकाळी मी लवकर गेले. गोरक्ष मिस्त्री आधीच आलेले, चहा पीत होते. "आली का कुस्ती खेळायला?" म्हणाले. मी गोटी बसवली, दांडा घातला, पाय रोवले आणि अंगाकडे ओढला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा दांडा असा सरकला की मला वाटलं परत सटकला. सटकला नव्हता. नट फिरला होता.

गोरक्ष मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बाकीचे तीन नट मी काढेपर्यंत उचलला नाही. गार झाला.

खंडेनवमीला सगळी हत्यारं डिझेलने धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं, त्यामुळे सगळे मिस्त्री हात कुठं ठेवावे ते न कळून नुसते फिरत होते. चंदरशेठनी फळीवर शेवटची जागा दाखवली. "इथं." एवढंच बोलले. काल दसऱ्याला मी खिळे ठोकले, पाने टांगले, रंगाने रेघा मारल्या. पण दांडा काही फळीवर मावेना. फळी संपली आणि दांडा उरला. मी शेठकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? भिंत आहे की खाली." म्हणून माझी रेघ फळीवरून उतरून भिंतीवर गेलीय, वीतभर. सगळ्या गॅरेजात अशी एकच आहे.

आज दुपारी शेठ कंबर धरून आले आणि म्हणाले, "तुझा तो लांबडा जरा दे गं." पाठीचं दुखणं आहे त्यांना. काम झाल्यावर दांडा पुसून ठेवला, आणि पुटपुटले, "हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "आमच्या चाचांनाही आत्ताच कळलंय."

तुमचीच,
मोहिनी


घोटी, १२ ऑक्टोबर

बेटा,

तुझं पत्र चारदा वाचलं, पाचव्यांदा अनवरीने घेतलं. भिंतीवर उतरलेली रेघ मला इथून दिसते. चंदरला सांग, कंबरेला शेक दे आणि स्वतःचा दांडा विकत घे. उसना दिलेला पाना आणि शेजारी गेलेलं पातेलं सहसा परत येत नाही.

एक गोष्ट तुला न विचारता केली. ललितच्या ओळखीने हर्षलचा पत्ता काढला. पेठला त्याची पिठाची गिरणी आहे, मुलीचं लग्नही झालं म्हणे. मी त्याला लिहिलं, "हर्षल, मी निसार. तुला घरी पाठवलं तेव्हा माझी चूक झाली. चूक तुझ्या हाताची नव्हती. आता काही उपयोग नाही हे माहीत आहे. तरी जमलं तर कागदावर हात ठेव, रेघ मार आणि पाठव. मला बघायचा आहे."

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. काल आलं. पाकिटात पत्र नव्हतं, शब्दही नव्हता. नुसता हात होता. कडेला थोडं पीठ लागलं होतं, ते मी झटकलं नाही.

तुझ्या हाताशेजारी लावून बघितला. तुझ्यापेक्षा पेरभर मोठा आहे.

निसारचाचा